सहा पन्नासची नोंद

रविवार, सोळा नोव्हेंबर. तुझा तेरावा. काचीगुड्याच्या घरी हजर: मालतीवहिनी. तुमची केतकी, बंगळूरहून, सकाळी ८.१०. मी, ७.३०. गुरुजी, ९.०५, म्हणजे सांगितल्यापेक्षा पाच मिनिटं उशिरा. मराठी मंडळाचे चौघे, एकाच ऑटोतून, १०.४०. समोरचे तेलुगू शेजारी, नवराबायको, ११.००. तुझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरचा शिंपी, ११.२०. आणि सव्वाबाराला मोईनभाई.

तू असतास तर म्हणाला असतास, मॅनेजर, आता मेलेल्या माणसाचीही हजेरी घे. घेतली. गैरहजर, एक.

प्रत्येकाच्या नावापुढं येण्याची वेळ आहे आणि जाण्याची वेळ आहे. एकट्या मोईनभाईंच्या नावापुढं जाण्याची वेळ नाही. ते किती वाजता उठले ते मला नीट माहीत आहे. भिंतीवरचं घड्याळ माझ्या समोरच होतं. पेन हातात होतं. लिहिलं नाही.

मंडळानं अंकासाठी तुझ्यावर दोन पानं मागितली आहेत. तुझा जन्म, शाळा, दुकान कधी काढलं, मंडळाची चिटणीशी किती वर्षं केलीस, हे सगळं मी वेगळ्या कागदावर लिहून दिलं आहे. छापायचं असेल तर ते छापतील. ही पानं त्याची नाहीत, दादा. ही तुझ्या-माझ्यात राहून गेलेल्या गोष्टीची आहेत. तेरा दिवसांत मी वहिनींची कपाटं लावली, बँकेचे अर्ज भरले, गॅसच्या जोडणीवरचं नाव बदललं. एका जागी बसवत नाही. बसलं की ही एकच गोष्ट समोर येते.

सुरुवात दुकानापासून करते, कारण चूक तिथलीच आहे. सुलतान बाजारातलं तुझं लग्नपत्रिकांचं दुकान. मराठी, तेलुगू, उर्दू, तिन्ही लिपींत पत्रिका मिळणारी अशी दुकानं त्या रस्त्यावर फार नव्हती. उर्दू मजकूर मोईनभाई हातानं लिहायचे. ते कातिब, म्हणजे सुंदर अक्षर काढणं हाच त्यांचा धंदा. बोरूच्या टोकाला शाई लावून ते नवऱ्यामुलाचं नाव असं काढायचे की पत्रिका घ्यायला आलेला बाप खुर्चीवरून उठून बघायचा. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्यांना फार आवडायची. मला ते आपा, म्हणजे मोठी बहीण, म्हणायचे. वयानं माझ्याएवढेच असूनही.

तुझ्या दुकानाचा एक नियम होता. पत्रिकेत चूक गेली, तिथी चुकली, आजोबांचं नाव राहिलं, गठ्ठा भलत्याच घरी पोचला, तर ज्याची चूक त्यानं गिऱ्हाइकाच्या घरी स्वतः जायचं. फोन नाही, निरोप नाही. हातात बदामाच्या जाळीचा, त्या हैदराबादी मिठाईचा, पुडा घ्यायचा, दारात उभं राहायचं आणि म्हणायचं, ही चूक माझ्या हातून झाली. तू स्वतः कितीदा गेलास. मोईनभाई एकदा पार मौलालीपर्यंत गेले होते, एका नुक्त्यासाठी, अक्षरावरच्या एका टिंबासाठी. परत येऊन म्हणाले, त्यांनी मलाच बिर्याणी खिलवली. मला कधी जावं लागलं नव्हतं. मी चुका करत नसे.

शाळेच्या ऑफिसात हजेरीपत्रकं सांभाळायचं माझं काम. त्या मे महिन्यात सुट्टी होती आणि तुझ्याकडे लग्नसराईचा गोंधळ. कोण कुठं गेलंय याचा पत्ता नाही, गिऱ्हाईक दारात उभं. मी एक वही आणली. येण्याजाण्याची वही. रकाने आखले: नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, शेरा. तू हसलास. म्हणालास, इथं चार माणसं आहेत, शेरा कुणावर मारणार?

त्या संध्याकाळी मोईनभाई सहा पन्नासला गेले. तू सहा अठ्ठावन्नला समोरच्या थांब्याजवळ चहा प्यायला गेलास. सात वाजून दोन मिनिटांनी थांब्यावर स्फोट झाला, दुकानाची काच आत आली.

त्याचं वर्णन मी करणार नाही. तू कधी केलं नाहीस. इतकंच की दुकानातलं घड्याळ चालूच होतं आणि मी त्याच्याकडे बघत बसले होते. मग उठले. तू तिसऱ्या इस्पितळात सापडलास, पायात छर्रे, डाव्या कानातून रक्त. थांब्यावरची बाकीची माणसं कोण होती, ते दुसऱ्या दिवशीच्या पेपरात छोट्या अक्षरांत आलं. त्यातला एक तुझ्या शेजारी उभा राहून बशीत चहा ओतत होता, एवढं तू सांगितलंस. त्याचं नाव तू पेपरातून कापून पाकिटात ठेवलंस. काल पाकीट उघडलं तेव्हा ते कात्रण होतं.

त्याच दुसऱ्या दिवशी दुपारी पोलीस आले. तुला ऐकू येत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, दुकानातून त्या वेळी कोण आलं, कोण गेलं. माझ्याकडे वही होती. मी म्हटलं, मी साफ प्रत करून देते. इस्पितळाच्या बाकावर बसून दिली. रकाने पट्टीनं आखले. सगळ्यांच्या वेळा लिहिल्या. आणि मोईनभाईंच्या नावापुढं, कुणी मागितला नसताना, शेरा लिहिला: नेहमी साडेसातनंतर जातात, आज लवकर.

तो अधिकारी म्हणाला, असं काम आमच्या माणसांना जमत नाही, मॅडम. मला बरं वाटलं. हे लिहिणं अवघड आहे, पण वाटलं होतं बरं.

त्याच्या पुढच्या सकाळी मोईनभाईंना घरातून नेलं. सात महिने. आत काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. उजवा अंगठा पूर्ण वाकत नाही, एवढंच दिसतं. कातिबाचा अंगठा.

तू बरा झालास आणि काठी घेऊन हिंडायला लागलास. मोईनभाई आतून एकच सांगत होते, चष्म्याची काडी तुटली म्हणून लवकर निघालो, रस्त्यावरच्या एका चष्मेवाल्याकडून ती बदलून घेतली. कोणता चष्मेवाला, ते त्यांना धड सांगता येईना, पावती नव्हती. सुलतान बाजारापासून आबिड्सपर्यंत तू प्रत्येक चष्मेवाल्याला विचारलंस. एका कानानं. लोक डाव्या बाजूनं बोलले की तुला काही कळायचं नाही आणि तू पुन्हा विचारायचास. शेवटी आबिड्सच्या पोस्टाजवळ पेटी मांडून बसणारा एक म्हातारा भेटला. त्याच्याकडे मोडक्या काड्यांचा डबा होता. टाकून काही देत नसे. त्या डब्यात मोईनभाईंच्या चष्म्यावरच्या दुसऱ्या काडीची जोडीदार सापडली. तो म्हातारा साक्षीला यायला तयार व्हावा म्हणून तू त्याच्या पेटीशेजारी किती दुपारी बसलास, ते वहिनी सांगतात.

मोईनभाई सुटले. मग तू त्यांच्या घरी गेलास. बदामाची जाळी घेऊन. आणि सांगितलंस की तो कागद तू दिलास.

मला हे महिन्यानं कळलं. मी भांडले. तू म्हणालास, वही दुकानाची, दुकान माझं. मी म्हटलं, नियम तुझाच आहे, ज्याची चूक त्यानं जायचं. तू म्हणालास, तुला जायचं असेल तर जा की. मी थोपवलंय का?

नाही थोपवलंस. माझ्या त्या वर्षीच्या डायरीत 'मोईनभाई, जाऊन येणे' असं लिहिलेलं आहे. पुढच्या वर्षीच्याही आहे. अपूर्ण कामं दर एक जानेवारीला नव्या डायरीत उतरवायची माझी सवय तुला माहीत आहे. तेव्हा केतकी पहिलीत होती. आता ती नोकरी करते. तेवढ्या डायऱ्या झाल्या.

मग खटला. तू साक्षीदार होतास. दर तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून जायचास. पिशवी ठेवणारे इथले होते, ते ठरले, शिक्षा झाली. पण आरोपपत्राच्या पहिल्या पानावर जी नावं होती, त्यांच्यापुढं एकच शब्द होता: फरार. दारूगोळा कुणी दिला, शिकवलं कुठं, पैसा कोणत्या तिसऱ्या देशातून फिरून आला, फोनवर कुणाचा आवाज होता, सगळं त्या कागदांत होतं आणि सगळ्याचं बोट सीमेपलीकडे जात होतं. तिथलं सरकार म्हणायचं, अशी माणसं आमच्याकडे नाहीतच. आणि अधूनमधून त्यातलाच एखादा तिथल्या टीव्हीवर हार घालून भाषण करताना दिसायचा.

त्या पानाची झेरॉक्स तू दुकानाच्या खणात ठेवली होतीस. माझ्या यादीशेजारी. तिचीही प्रत मागून घेतली होतीस, कशाला ते मी विचारलं नाही. एकदा दोन्ही कागद काउंटरवर शेजारी शेजारी ठेवलेस. म्हणालास, "तुझ्या यादीतला माणूस सात महिने आत राहिला. ह्या यादीतले वरचे चार बंगल्यात राहतात, दाराशी त्यांच्याच सरकारचा पहारा. कोणती यादी चालली, बघ."

मी म्हटलं, म्हणूनच मी म्हणते, सगळं तोडा. व्यापार, व्हिसा, क्रिकेट, काही ठेवू नका.

तू म्हणालास, तोडा. माझी ना नाही.

हे लोकांना माहीत नाही. लोकांना वाटतं तू मवाळ होतास, मोईनभाईंच्या घरी ईदला जायचास म्हणून. तू मवाळ नव्हतास. पायातला एक छर्रा काढता आला नव्हता, थंडीत तो दुखायचा. जे सरकार माणसं पाळून शेजारच्या बाजारात पाठवतं त्याला जगानं दारात उभं करू नये, असं तू माझ्यापेक्षा थंड आवाजात म्हणायचास. तुझं म्हणणं इतकंच होतं की पिशवी ठेवायला फार माणसं लागत नाहीत. त्यांना थांब्यावरची माणसं मारायचीच असतात, पण तेवढ्यासाठी एवढा खर्च कुणी करत नाही. त्यांना हवं असतं ते दुसऱ्या दिवशी होतं. बाकावर बसून, पट्टीनं आखून. आणि ते काम त्यांच्यासाठी आपण फुकट करून देतो.

हे तू मला उद्देशून बोलत नव्हतास असं तू म्हणायचास. मग मी चिडायचे, आवाज चढवायचे, आणि तू खुर्ची फिरवून डावा कान माझ्याकडे करायचास. वाद संपवायची तुझी ही पद्धत. मुका नवरा परवडला, वहिनी म्हणायच्या, हा तर सोयीनं बहिरा आहे.

प्रत्येक नव्या हल्ल्यानंतर आपला वाद पुन्हा पहिल्यापासून. आपलेच डायलॉग आपल्याला पाठ झाले होते. मध्येच कराचीहून बातमी आली की मोईनभाईंच्या तिथं दिलेल्या बहिणीच्या गल्लीतल्या मशिदीत स्फोट झाला, तिचा नवरा जुम्म्याला गेला होता तो आलाच नाही. तिथल्या सरकारनं ज्यांना वर्षानुवर्षं दूधभात घातला त्यातलेच काही घरावर उलटले होते. मी म्हटलं, मिळालं फळ. तू माझ्याकडे बघितलंस. डावा कान केला नाहीस. नुसतं बघितलंस. म्हणालास, "कुणाला?"

 

आणि मग ती आपली शेवटची भांडणाची वेळ. मोईनभाईंची ती बहीण कितीतरी वर्षांनी व्हिसा मिळून माहेरी आली होती. हैदराबादेतच जन्मलेली बाई, अफझलगंजात वाढलेली. आठ दिवस झाले नाहीत तोच उत्तरेकडे डोंगरात सहलीला गेलेल्या माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि व्हिसे रद्द झाले, सीमा बंद व्हायची वेळ आली. तिला दोन दिवसांत निघायचं होतं. तू मला फोन केलास. म्हणालास, कागदांची यादी करून दे, कोणत्या ऑफिसात आधी जायचं, काय काय जोडायचं. तुझ्यासारखी यादी कुणी करत नाही.

मी म्हटलं, टीव्ही बघतोयस ना? त्या पोरीचा चेहरा बघितलास, मेलेल्या नवऱ्याशेजारी बसलेली? आणि मी त्या देशाचे कागद करू?

तू म्हणालास, मी देशाचे कागद मागत नाहीये. मोईनच्या बहिणीचे मागतोय.

मी फोन ठेवला. तू तुझ्या पद्धतीनं यादी केलीस, म्हणजे वाईट. एक फोटो राहिला, त्यासाठी ती बाई तीन तास उन्हात उभी राहिली असं ऐकलं. गेली शेवटी, सीमा बंद व्हायच्या आत. जाताना तिनं म्हणे माहेरच्या दाराची कडी वाजवून बघितली. आतल्याला हाक मारायला नाही, आवाज लक्षात ठेवायला. आता टपालही जात नाही. फोन लागतो कधी, कधी नाही.

पुढं तुझं दुखणं. इस्पितळात तुझी खाट उजव्या बाजूनं भिंतीला लावलेली होती. म्हणजे बसायला जागा डावीकडेच. मी नर्सला दोनदा सांगितलं, खाट फिरवा. म्हणाली, ऑक्सिजनचा पाइप पोचत नाही. शुक्रवारी दुपारी वहिनी खाली औषध आणायला गेल्या होत्या. मी तुझ्या डाव्या कानाशी वाकले आणि जे तुलाही माहीत नव्हतं ते सांगितलं.

की त्या संध्याकाळी सहा पन्नासला मोईनभाई काउंटरपाशी थांबले होते. चष्मा हातात होता, एक काडी लोंबत होती. म्हणाले, "आपा, चश्मा टूट गया, लिखने को दिखताच नहीं. जाऊं क्या?" आणि मी म्हटलं, जावा. लवकर जाण्याचं कारण मला ठाऊक होतं. शेऱ्याच्या रकान्यात जागाही होती. आणि त्या अधिकाऱ्यानं कागद वाचून विचारलं होतं, लवकर का गेला, काही बोलला का? मी म्हटलं, लक्षात नाही.

लक्षात होतं. पण तुझ्या कानातून रक्त येत होतं, आणि मी त्या नावाकडे बघितलं, आणि मला ते नाव रोजच्यासारखं दिसलं नाही. बास, एवढंच. तीन शब्द सांगितले असते तर तुला आबिड्सपर्यंत काठी टेकत जावं लागलं नसतं. नंतर तू शोधत हिंडलास ते सगळे महिने मी सांगू शकले असते. तोंड उघडलं तर आधी खोटं बोलले हे सांगावं लागलं असतं.

हे मी तुझ्या डाव्या कानात सांगितलं. ऐकू येणार नाही हे माहीत असल्यामुळं सांगितलं का, माहीत नाही. तू डोळे उघडलेस. म्हणालास, "सांग त्याला." किंवा म्हणालास, "सांग तिला." वहिनी तेव्हाच आत आल्या, त्यांना काही सांगायचं असेल. तोंडावर मास्क होता. मी परत विचारलं नाही. तेही विचारलं नाही.

आता तेराव्याचं. मोईनभाई आले, टोपी खिशात घातली, तुझ्या फोटोपुढं उभे राहिले. केस सगळे पांढरे. अफझलगंजात, लायब्ररीच्या बाजूला, वह्यापुस्तकांच्या बांधणीचं त्यांचं छोटं दुकान आहे. पत्रिका लिहिणं तेव्हाच सुटलं. ज्याला पोलिसांनी नेलं त्याच्या हातची पत्रिका कोण घेणार? केतकीनं त्यांना पानावर बसवलं. ते जेवले. चटणी दोनदा घेतली. म्हणाले, वोईच है.

जाताना माझ्याजवळ आले. उजवा अंगठा तसाच ताठ. म्हणाले, "आपा, एक बात बोलूं? भाईसाब मेरेकू बोले थे, वो कागज मैं दिया कर के. इत्ते साल दिल पे लेके बैठे. मैं उसी दिन माफ कर दिया था. आप गवाह रहो, बस."

मला साक्षीदार केलं, दादा. मला.

मी म्हटलं, चहा घेणार? ते म्हणाले, नक्को आपा, दुकान उघडना है. घड्याळात एक पस्तीस झाले होते.

केतकीनं विचारलं, आत्या, कौन थे ये? मी म्हटलं, दुकानात होते. ती म्हणाली, अच्छा, और? मी म्हटलं, आणि काही नाही, पत्रावळी उचल.

तू घेतलेली माफी तुझी नव्हती. पत्रिकांचा गठ्ठा भलत्या घरी पोचला की तू स्वतः स्कूटर काढायचास. ही चुकून तुझ्या घरी येऊन पडली, आणि तू ती परत न करता सांभाळलीस, माझ्यासाठी, तेही मला न सांगता की सांभाळतोयस. त्याबद्दल मी तुझे आभार मानू की तुझ्यावर रागवू, हे मला तेरा दिवसांत ठरवता आलेलं नाही. दोन्ही करते. पण तू होतास तोवर ती तिथं ठेवायला जागा होती. आता नाही.

अजून एक. मंडळाला अंकासाठी मी शेवटी हीच पानं देणार आहे, आणि हे मी मराठीत लिहिते आहे. मोईनभाईंना मराठी ऐकून सगळं कळतं, वाचता येत नाही. मंडळाचा अंक त्यांच्या दुकानात बांधणीला येईल, दरवर्षी येतो, तू लावून दिलेलं काम आहे. म्हणजे ही पानं त्यांच्या हातांखालून जातील, ते कडा सारख्या करतील, दोरा ओवतील, आणि त्यांना काही कळणार नाही. छापून सांगितलं, असं मला म्हणता येईल. ही सोय आहे हे मला दिसतं. म्हणून अंक बांधणीला जायच्या आत त्यांना वाचून दाखवलं पाहिजे. संपादकांना मी तसं सांगितलं आहे: मी हो म्हणेपर्यंत पानं पाठवू नका.

काल, सोमवारी, बदामाची जाळी आणली. अर्धा किलो. आज सकाळी सुलतान बाजारापर्यंत गेले, पुढं अफझलगंजाच्या पुलाकडे जाणारी बस समोर उभी होती. वहिनींच्या रेशनकार्डाचं काम आठवलं, ते करून परत आले. पुडा फ्रिजवर आहे. डायरीत आजच्या पानावर चार कामं होती. तीन झाली. चौथं, तुझ्या नियमाप्रमाणं, स्वतः: अफझलगंज, मोईनभाई.